कातडी शाबूत, भिंत फाटलेली : १९०६ साली तीन ठिकाणी उभा राहिलेला एकच प्रश्न

१/
इ.स. १९०६. लंडनमध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कामगारांच्या नुकसानभरपाईचा नवा कायदा संमत केला. त्याच वर्षी मेलबर्नच्या एका शल्यविशारदाने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक सिद्धांत मांडला. आणि त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटीशी रुग्णहकीकत छापून आली. तिन्ही घटना एकमेकींपासून हजारो मैल दूर घडल्या. तिन्हींच्या मुळाशी मात्र एकच प्रश्न होता : पोटावर मार बसला, कातडी शाबूत राहिली, पण आतली भिंत फाटून आतडे बाहेर डोकावू लागले, तर दोष कुणाचा? आघाताचा, की त्या माणसाच्या शरीराचा?

२/
प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर कामगाराच्या घरची चूल अवलंबून होती. दोष आघाताचा ठरला तर मालकाने भरपाई द्यायची. शरीराचा ठरला तर कामगाराने आपल्या नशिबाला बोल लावायचा. या धाग्यात आपण त्या वादाचा मागोवा घेणार आहोत. वाट जरा लांबची आहे : सुश्रुतसंहितेपासून सायकलच्या हँडलपर्यंत, आणि लंडनच्या सर्वोच्च न्यायपीठापासून सीटी स्कॅनच्या यंत्रापर्यंत.

३/
आधी शब्द नीट समजून घेऊ. ज्याला आपण आज सर्रास हर्निया म्हणतो, त्याला मराठीत अंतर्गळ हा जुना शब्द आहे. पोटाची भिंत म्हणजे नुसती कातडी नव्हे. कातडीखाली चरबी, तिच्याखाली स्नायूंचे थर, त्या थरांना वेढणारी पांढरी, चिवट पटले आणि सर्वांत आत उदरावरणाचा पातळ पडदा अशी तिची रचना असते. या भिंतीला एखाद्या ठिकाणी भोक पडले वा ती सैल झाली, आणि आतला अवयव तिथून बाहेर सरकू लागला, की झाला अंतर्गळ.

४/
बहुतेक अंतर्गळ सावकाश होतात. जन्मजात राहून गेलेली वाट, वाढते वय, जुनाट खोकला, जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण ही त्यांची नेहमीची कारणे. आपला विषय त्याहून वेगळा आणि दुर्मीळ आहे : बोथट आघाताने तत्क्षणी झालेला उदरभित्तीचा अंतर्गळ. पोटाला मुका मार लागून रुग्णालयात येणाऱ्यांपैकी शंभरात एखाद्यालाही तो क्वचितच आढळतो. सुरी नाही, गोळी नाही, रक्ताचा थेंबही बाहेर नाही. आणि तरी आतली भिंत उभी फाटलेली.

५/
हे घडते कसे? कातडी लवचीक असते. ती ताणली जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. स्नायू आणि त्यांवरील चिवट पटले तितकी ताणली जात नाहीत. बोथट वस्तू जोराने आणि तिरकी आदळली की कातडी वस्तूबरोबर आत जाते व परत येते. तिच्याखालचे थर मात्र उसवतात. त्याच क्षणी माणूस दचकून पोट आवळतो, आतला दाब एकाएकी वाढतो, आणि बाहेरून बसलेल्या घावाला आतून धक्का मिळतो. दोन्ही बाजूंनी ताणलेले कापड शिवणीवर फाटावे, तसे ते फाटते.

६/
शिवणी कुठे कच्च्या असतात, तेही ठरलेले आहे. पोटाच्या मधोमध उभ्या जाणाऱ्या स्नायूंच्या मागे वरच्या भागात चिवट पटलाचा आधार असतो. बेंबीच्या काहीशा खाली तो आधार संपतो. म्हणून बेंबीखालचा, उभ्या स्नायूंच्या बाजूचा भाग मार खाऊन लवकर फाटतो. दुसरी कच्ची जागा कमरेच्या मागच्या बाजूस, बरगड्या आणि कटीचे हाड यांच्यामध्ये. तिथल्या एका त्रिकोणाला अठराव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद झाँ-लुई पती याचे नाव आहे. दुसऱ्याचे वर्णन ग्राइनफेल्ट याने १८६६ मध्ये केले.

७/
आता मागे जाऊ. आघात आणि अंतर्गळ यांचे नाते प्राचीनांना ठाऊक होते काय? सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘वृद्धी’ या विकाराचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक अंत्रवृद्धी. तिची कारणे पाहण्यासारखी आहेत : जड ओझे वाहणे, आपल्याहून बलवान माणसाशी झुंजणे, झाडावरून पडणे. ओझे हा झाला ताण; झुंज आणि झाडावरून पडणे यांत मात्र थेट मुक्या माराला वाव आहे. हमाल, मल्ल आणि झाडावर चढणारा, अशी कष्टाने जगणारी माणसे त्या यादीमागे उभी दिसतात.

८/
सुश्रुताचे निरीक्षणही अचूक आहे. गाठ जांघेत उतरते. दाबली असता आवाज करीत वर जाते. सोडली असता पुन्हा फुगते. आज वैद्यकीय महाविद्यालयात विद्यार्थ्याला हीच खूण शिकवली जाते. मात्र हा विकार त्याने असाध्य मानला आहे. ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की वर्णन जांघेतल्या अंतर्गळाचे आहे, पोटाच्या इतर भागातल्या नव्हे. पुढच्या साऱ्या वादात जांघ आणि बाकीचे पोट यांची हीच सरमिसळ वारंवार भोवणार आहे.

९/
भूमध्य समुद्राच्या बाजूला सातव्या शतकात पॉलस एजिनेटा या ग्रीक वैद्याने आतड्याच्या अंतर्गळाचे दोन प्रकार केले : आतला पडदा फाटल्याने होणारा आणि तो ताणला गेल्याने होणारा. मार, उडी, मोठ्याने ओरडणे यांसारखी जबरदस्ती त्याने कारणांत गणली. फाटण्याची ही कल्पना इतकी रुजली, की इंग्रजी बोलीत हर्नियाला ‘रप्चर’, म्हणजे ‘फाट’, हेच नाव पडले. आपला ‘अंतर्गळ’ जे आतून गळाले, सरकले, त्याकडे बोट दाखवतो. ‘रप्चर’ जे फुटले त्याकडे. एका शब्दात परिणाम आहे, दुसऱ्यात कारण. आणि कारण शब्दातच गृहीत धरले, की ते तपासण्याची गरज वाटेनाशी होते.

१०/
ती गरज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भासली. १८८४ पासून इटलीतील एदुआर्दो बास्सिनी याने जांघेतील अंतर्गळ उघडून भिंत थराथराने शिवण्याची पद्धत रूढ केली. निर्जंतुकीकरण आणि भूल यांमुळे अशा शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्या. शतकानुशतके बाहेरून चाचपलेली गाठ शल्यविशारदांना आता आतून, उजेडात दिसू लागली. आणि त्यांना आश्चर्य वाटले : पुष्कळ रुग्णांत फाटल्याची खूण नव्हतीच. तिथे होती एक गुळगुळीत पिशवी, जणू जन्मापासून तिथेच असलेली.

११/
ती पिशवी कुठून आली? पुरुषगर्भात वृषण पोटातून खाली उतरताना उदरावरणाचा एक बोळकांडा आपल्याबरोबर ओढून नेतात. सामान्यतः तो पुढे बुजतो. काहींत तो उघडाच राहतो. मेलबर्नचा शल्यविशारद हॅमिल्टन रसेल याने १९०६ मध्ये याच निरीक्षणावरून आपला सिद्धांत उभा केला : अंतर्गळाला आधीपासून असलेली पिशवी लागतेच, ताण वा आघात केवळ त्या रिकाम्या पिशवीत आतडे ढकलतो. थोडक्यात, आघात कारण नव्हे, निमित्त.

१२/
रसेलचा सिद्धांत मुलांच्या व तरुणांच्या जांघेतील अंतर्गळाला उत्तम लागू पडत होता. पिशवी काढून टाकली की पोर बरे होते, हा अनुभव त्यामागे होता. पण शास्त्रातली विधाने शास्त्रापुरती राहत नाहीत. ‘आघात केवळ निमित्त’ हे वाक्य शस्त्रक्रियागृहातून निघून न्यायालयात पोहोचले, तेव्हा त्याला वेगळीच किंमत आली. ती का, हे कळण्यासाठी त्या काळचा कामगार कायदा पाहिला पाहिजे.

१३/
कारखान्यात जखमी झालेल्या कामगाराला पूर्वी मालकाची चूक सिद्ध करावी लागे. आणि ती सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असे. जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा करून हे बदलले. ब्रिटनने १८९७ मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकले : चूक कुणाचीही असो, कामावर अपघात झाला की भरपाई मिळेल. ती आठवडी मजुरीच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त आठवड्याला १ पौंड. रक्कम थोडी होती, पण तत्त्व क्रांतिकारक होते. मालकाच्या चुकीचा प्रश्न संपला आणि नवा प्रश्न उभा राहिला : अपघात म्हणजे काय?

१४/
आणि या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला निकाल लागला तो एका अंतर्गळावरच! खटला : फेंटन विरुद्ध थॉर्ली, १९०३. फेंटन हा गुरांचे खाद्य बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रावर कामाला होता. यंत्राचे चाक अडकले. सोबत्याला हाक मारून दोघांनी मिळून ते जोर लावून फिरवले आणि फेंटनला पोटात काहीतरी फाटल्यासारखे जाणवले. तपासणीत अंतर्गळ निघाला. तो घसरला नव्हता, पडला नव्हता, यंत्र मोडले नव्हते. मग अपघात झाला कुठे? खालच्या न्यायालयांनी भरपाई नाकारली.

१५/
हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. लॉर्ड मॅकनॉटन यांनी दिलेल्या निवाड्याचा आशय असा : जे अपेक्षिलेले नव्हते, योजिलेले नव्हते असे अनिष्ट अवचित घडले, तर तो अपघातच, त्यासाठी बाहेर काही मोडायला वा कोसळायला हवे असे नाही. कामगाराच्या शरीराच्या आत घडलेली मोडतोडही अपघात ठरू शकते. साध्या माणसाच्या भाषेतला अर्थ कायद्याला लागू झाला. तीन वर्षांनी, १९०६ च्या कायद्याने भरपाईचे छत्र जवळजवळ सर्व अंगमेहनतीच्या कामगारांवर धरले.

१६/
आता दोन्ही टोके जोडून पाहा. एकीकडे न्यायालय म्हणते, आतली फाट हाही अपघात. दुसरीकडे, कायदा विस्तारला त्याच वर्षी, शल्यशास्त्र म्हणते की फाट वगैरे काही नसते, पिशवी जन्मतःच होती. रसेलचा हेतू कामगारांच्या विरुद्ध होता असे म्हणायला आधार नाही. तो शरीररचनेचा प्रश्न सोडवीत होता. पण भरपाई टाळू पाहणाऱ्या पक्षाला त्यापेक्षा सोयीचा सिद्धांत मिळाला नसता. गाठ दिसते खरी, पण ती तुझीच. आमच्या यंत्राने फक्त ती उघडकीस आणली!

१७/
याच वेळी, १९०६ मध्येच, सेल्बी याची हकीकत अमेरिकेत प्रसिद्ध झाली. शीर्षकाचा आशय : आघातजन्य प्रत्यक्ष उदर-अंतर्गळ. बोथट माराने उदरभित्ती फाटून झालेल्या अंतर्गळाची पहिली नोंद म्हणून वैद्यकीय साहित्यात तिचाच उल्लेख होत आला आहे. तिचे महत्त्व संख्येत नाही. रुग्ण एकच होता. महत्त्व यात, की सर्वसाधारण नियमाला अपवाद असू शकतो हे तिने कागदावर आणले. जांघेतल्या पिशवीचा सिद्धांत पोटाच्या फाटलेल्या भिंतीला लागू पडत नाही. ते दोन वेगळे विकार आहेत.

१८/
पण अपवाद मान्य करायचा म्हणजे पुरावा हवा. अमेरिकेतील जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या राज्यांच्या भरपाई कायद्यांत अंतर्गळासाठी खास कलमे आली. कामगाराने सिद्ध करायचे ते असे : अपघात झाला, गाठ एकाएकी उद्भवली, सोबत वेदना होत्या, गाठ अपघातामागोमाग आली, आणि त्यापूर्वी ती नव्हती. हात तुटलेल्या माणसाला हात पूर्वी होता हे सिद्ध करावे लागत नाही. अंतर्गळ झालेल्याला मात्र आपले पोट पूर्वी धड होते हे सिद्ध करावे लागे.

१९/
वैद्यकातील कसोट्या याच वळणाने गेल्या. १९३९ मध्ये मॅकवॉर्टर याने अट घातली, की गाठ आघातानंतर लगेच दिसली पाहिजे आणि रुग्णाने चोवीस तासांच्या आत वैद्य गाठण्याइतकी वेदना असली पाहिजे. १९६४ मध्ये क्लेन याने भर दिला तो याच मुद्द्यांवर : गाठ तातडीने प्रकट व्हावी, आणि त्या जागी पूर्वी अंतर्गळ असल्याचा पुरावा नसावा. या कसोट्यांनी खोटे दावे गाळले असतील. पण काही खरे रुग्णही त्या चाळणीतून निसटण्याजोगे होते.

२०/
का निसटावेत? माराने फाटलेल्या जागी रक्त साचते. त्या रक्ताच्या गाठीमागे अंतर्गळ झाकला जातो. सूज उतरल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी तो उघडा पडतो. ज्याच्या बरगड्या आणि मांडीचे हाड मोडले आहे, तो पोटाच्या फुगवट्याची तक्रार करीत नाही. तो खाटेवर आडवा असतो आणि आडव्या माणसाची गाठ आत सरकते. पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा ती दिसते. आणि रोजंदारीवर पोट असलेला माणूस दुखणे अंगावर काढतो. ‘चोवीस तास’ ही अट त्याच्या गरिबीविरुद्धच जाते.

२१/
आपल्याकडे काय होते? भारतात कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मुंबईच्या कामगार चळवळीचे नेते ना. म. जोशी तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी होते. कायद्याचा मसुदा ब्रिटिश धर्तीचा. कामाच्या ओघात व कामामुळे झालेल्या अपघाताची इजा हेच त्याचे सूत्र. त्यामुळे फेंटनचा निकाल भारतीय न्यायालयांतही उद्धृत होत राहिला. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हातापायांची बोटे कोणत्या पेऱ्यापर्यंत तुटली तर किती टक्के, हे मोजून दिले. पोटाच्या भिंतीला त्या यादीत जागा नव्हती.

२२/
आणि कायद्याच्या पूर्ण बाहेर एक माणूस उभा होता : स्वतःच्या शेतात स्वतःचे बैल हाकणारा शेतकरी. बैलाचे शिंग घुसले तर आतडी बाहेर येतात, हे खेड्यात सर्वांना माहीत असते. पण टोक बोथट असेल किंवा धडक तिरकी बसली, तर कातडी न फाटता आतली भिंत फाटते. भारतीय शल्यविशारदांनी अशा रुग्णांच्या हकीकती वेळोवेळी छापल्या आहेत. त्या शेतकऱ्याला मालक नव्हता, म्हणून दावा नव्हता. दावा नव्हता, म्हणून न्यायालयीन कागद नव्हता.

२३/
इतिहासाच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबावे. दुखापतींचा लिखित इतिहास जिथे वाद झाला तिथेच दाट असतो. गिरणी, खाण, रेल्वे यांतल्या जखमांना कागद मिळाले, कारण कुणीतरी पैसे द्यायचे होते आणि कुणीतरी ते नाकारत होते. शेतातल्या जखमांना कागद मिळाला नाही. म्हणून ‘पहिली नोंद १९०६’ याचा अर्थ ‘पहिला रुग्ण १९०६’ असा होत नाही. बैल माणसाळले तेव्हापासून शिंगाचा मार माणूस खात आला आहे.

२४/
विसाव्या शतकात शिंगाची जागा यंत्रांनी घेतली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याच्या ‘रोव्हर’ने आजच्या सायकलीचा घाट पक्का केला. पुढे सायकल मुलांच्या हाती आली. पोर तोल जाऊन पडते, हँडल वळते आणि त्याचे टोक पोटात रुतते. वेग कमी, पण सगळा जोर एका रुपयाएवढ्या जागेवर. त्यात मुलांच्या पोटाची भिंत पातळ. कातडीवर उमटते ते एक गोल निळसर वळ. १९८० मध्ये डिम्यन आणि सहकाऱ्यांनी या दुखापतीला नावच दिले : ‘हँडलबार हर्निया’.

२५/
मोटारीची कथा अधिक गुंतागुंतीची. व्हॉल्वोचा अभियंता नील्स बोलिन याने १९५९ मध्ये तीन टोकांचा पट्टा आणला. त्याआधीचा पट्टा नुसता मांडीवरून जाणारा होता. तो कटीच्या हाडांवर न राहता मऊ पोटावर सरकला, तर धडकेच्या क्षणी साऱ्या शरीराचा भार पोटावर येतो. १९६२ मध्ये गॅरेट आणि ब्राउन्स्टाइन यांनी अशा दुखापतींच्या समूहाचे वर्णन करून त्याला पट्ट्याचेच नाव दिले. पोटाचे स्नायू कटीच्या हाडापासून उपटून निघण्याचे प्रकार यात येतात. पट्टा जीव वाचवतो, यात शंका नाही. पण तो पोटावर नव्हे, हाडावर बसायला हवा.

२६/
यंत्रांनी एक नवा धडाही शिकवला. १९८८ मध्ये वुड आणि सहकाऱ्यांनी या अंतर्गळांची वर्गवारी केली : हँडलसारख्या कमी जोराच्या आघाताने झालेली लहान फाट आणि मोटार अपघातासारख्या प्रचंड जोराने झालेली मोठी फाट हे त्यातले मुख्य भेद. मोठ्या फाटेच्या रुग्णांत आतडे, आतड्याला रक्त पुरवणारा पडदा, प्लीहा यांना इजा असण्याची शक्यता बरीच असते. बाहेरची गाठ ही मग स्वतःच आजार उरत नाही. आत काय झाले असेल याची ती सूचना ठरते.

२७/
शेवटी वादाचा निकाल लावला तो एका चित्राने. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्यांदा रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र घेतले. काही वर्षांत संपूर्ण शरीराची यंत्रे आली. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना विभागून मिळाले. आता फाटलेल्या स्नायूची कड, तिच्या भोवतीचे ताजे रक्त आणि त्यातून बाहेर आलेले आतडे अपघाताच्या दिवशीच दिसू शकते. ‘गाठ पूर्वी होती काय?’ या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या शपथेवर अवलंबून उरले नाही. ताजी फाट आणि जुनी पिशवी चित्रात वेगळ्या दिसतात.

२८/
मग १९०६ च्या वादात कोण बरोबर होते? रसेल अर्धा बरोबर होता. जन्मजात वाट खरीच असते. पण ती उघडी असूनही आयुष्यभर अंतर्गळ न होणारी माणसेही पुष्कळ असतात. १९२४ मध्येच शरीररचनाशास्त्रज्ञ आर्थर कीथ यांनी केवळ पिशवीवर सगळा भार टाकण्याविषयी शंका घेतली आणि भिंतीच्या ऊतींच्या दुबळेपणाकडे लक्ष वेधले. सेल्बीही बरोबर होता : निव्वळ आघाताने धडधाकट भिंत फाटू शकते. चूक झाली ती एका विकाराचे उत्तर दुसऱ्या विकाराला लावण्यात.

२९/
आणि लॉर्ड मॅकनॉटन? त्यांच्याकडे सीटी स्कॅन नव्हता, पिशवीचा सिद्धांतही नव्हता. त्यांनी फक्त एवढे पाहिले, की सकाळी कामावर आलेला धड माणूस संध्याकाळी धड उरला नाही आणि मधे कामाखेरीज काही घडले नाही. शास्त्राला कारण सापडेपर्यंत न्यायाने थांबावे काय, या प्रश्नाला त्यांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. शंभरावर वर्षांनी ते उत्तर अजून टिकून आहे. १९२३ चा आपला कायदाही पुढे कर्मचारी भरपाई कायदा या नावाने त्याच सूत्रावर उभा राहिला.

३०/
जुने वैद्यकीय कागद वाचणाऱ्या मित्रांसाठी शेवटची गोष्ट. ‘आघातजन्य नाही’ असा शेरा दिसला, तर तीन गोष्टी तपासा : तो शेरा कुणी लिहिला, त्याला पगार कोण देत होते आणि त्या काळी पुरावा म्हणून काय मागितले जात होते. शेरा खोटाच असेल असे नव्हे. पण त्याचा अर्थ त्या तीन उत्तरांवाचून लागत नाही. आणि घरात सायकल चालवणारे पोर असेल, तर पोटावरचा गोल वळ ‘मुका मार’ म्हणून सोडून देऊ नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कातडी शाबूत आहे याचा अर्थ भिंत शाबूत आहे असा होत नाही, हे समजायला वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. आपल्याला तितका लागू नये.

(धागा समाप्त. आपल्या गावाकडे अंतर्गळाला वा शिंगाच्या मुक्या माराला कोणता शब्द आहे, तो खाली अवश्य नोंदवा.)